वाचलेले तास

“जुनं होतं ते काय चावत होतं का?” शेजारच्या टेबलावर मास्तर स्वतःशीच पुटपुटले. त्यांच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत चुकांच्या लाल ओळी होत्या. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्याही स्क्रीनवर तोच लाल गालिचा अंथरलेला होता.

काम एवढंसं. दवाखान्याची वेळ घ्यायच्या फॉर्मवर फोन नंबराचा आणखी एक रकाना. पूर्वी काकू तो चहा निवेपर्यंत टाकून मोकळ्या होत. आता मंगळवारपासून काकू, मास्तर, धाकटी आणि कोपऱ्यातला मौनीबाबा अशी चौघं त्याच्याच मागे होती, कारण फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली होती आणि ती घेतल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नव्हतं.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा आयता सांगाडा. साहेबांनी तो चार वर्षांपूर्वी आणला, पहिल्या लेकीचं कौतुक करावं तसा. सुरुवातीला कौतुक खोटंही नव्हतं. दहा दिवसांची पानं दोन दिवसांत उभी राहिली. साहेबांनी ‘वाचलेले तास’ असा तक्ताच केला, दर शुक्रवारी भरायचा. पुढे सांगाड्याची दुखणीखुपणी काढण्यातच आठवडे जाऊ लागले. एका शुक्रवारी तर तीन दिवस उलट वाया गेले होते. पण साहेबांचं तोंड पाहून काकूंनी ‘नऊ’ लिहिलं. ते पाहून मास्तरांनी दहा. मग काय, चढाओढच. त्या आकड्यांवर कुणी काही ठरवेल असं वाटलंच नव्हतं.

आज सकाळी साहेबांनी काकूंना आत बोलावलं आणि अगदी मायेने सांगितलं, की आता दोन माणसांचं काम वाचतंय. तेव्हा चौघांतली कमी करायची दोन नावं संध्याकाळपर्यंत द्या.

काकू जागेवर येऊन बसल्या. मास्तरांच्या निवृत्तीला तीन वर्षं. धाकटीला सहावा महिना. मौनीबाबाच्या जिवावर घरातली पाच तोंडं. उरल्या त्या स्वतः, आणि नवरा वर्षभर घरीच. कुठेही हात घातला तरी विंचूच.

चारला सगळे साहेबांच्या खोलीत जमले. भिंतीवर तक्ता होता. रेघ चढत चढत छताला टेकायची बाकी होती. मास्तर काहीतरी पडल्यासारखे जमीन न्याहाळत होते. धाकटी नखं.

“हं, काकू. नावं?”

“फोनचा रकाना झाला का, ते विचारलं नाहीत.”

“तो होईलच हो. तासाभराचं तर काम.”

“आज चौथा दिवस आहे.”

साहेब हसले, मग हसायचे थांबले. मास्तरांनी मान वर केली आणि डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं. काकूंनी तक्त्याकडे बोट केलं.

“वेळ वाचत नाही, साहेब. कधीचाच वाचत नाही. हे आकडे आम्ही मनाचे लिहितो. पहिला खोटा आकडा माझा.”