गच्चीवरची पारख

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, लावा पैज! छप्पन्न सालचा वैशाख. ठाकूरद्वारला आमच्या वाडीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड उन्हाने आपोआप भाजले. कावळे एकेक पाय उचलत ते खात होते.

त्याच गच्चीवर भर बाराला माझी पुतणी सुमती उभी होती. कशाला? तर तोंडाला पावडर नाही ना, रंग पक्का आहे ना, हे वरपक्षाला पाहायचं होतं! आधी ओल्या पंचाने तोंड पुसायचं, मग तासभर उन्हात. त्यांच्या घराण्याची रीत. वांगीसुद्धा कुणी इतकी उलटसुलट करत नाही. शिसारी येते सांगताना.

गच्चीच्या दाराला कडी. कुणी लावली, विचारू नका. आत जिन्याच्या खोलीत, खिडकीपाशी, वरपिता सीतारामपंत पन्हं पीत होते. सकाळीच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात न्याय मागून घसा बसवून आलेले.

अर्ध्या तासात पोरीचे गाल, हात लालबुंद, सुजलेले.

"हे काय हो? रक्तदोष?" पंत घोगरले.

वहिनी, सुमतीची आई, पदर चावत उभी. तिला ठाऊक होतं. वाडीतल्या डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या, "बाईच्या शरीरात हार्मोन म्हणून रस असतात. महिन्याच्या चक्रात ते कमीजास्त होतात, कातडीवरही त्यांचा अंमल चालतो. हिची कातडी त्या दिवसांत उन्हाने भडकते. दोष कसला? सावलीत ठेवा."

आणि नेमके तेच दिवस! पण पुरुषांपुढे ते बोलायचं कसं? पोर भाजली तरी चालेल, शब्द तोंडातून निघता कामा नये. थू असल्या अब्रूवर!

"तास भरू द्या," पंत म्हणाले.

तोच आमची वाघीण बाहेरून गरजली, "पंत, माझी पाळी चालू आहे, मला ऊन बाधतं! रंगच पाहायचा तर तुमच्या जगदीशला उभं करा शेजारी!" नवरामुलगा जगदीश बाहेर आला, अन् पाचव्या मिनिटाला भोवळ येऊन पापडांवर आडवा! पंत टोपी विसरून पळाले. अख्ख्या वाडीने...

"पुरे, अच्युतकाका." सुमतीची धाकटी बहीण शकू उंबऱ्यात उभी होती. "साफ खोटं. ताई असलं काही बोलली नाही. तासभर नुसती दार ठोठावत होती."

"अगं, गोष्टीत जरा..."

"आणि कडीवर हात तुमचा होता."