सहीसाठी परकं माणूस

चू माझ्या दारात आली तेव्हा मी ओल्या कपड्यांची काठी खिडकीबाहेर सरकवत होते.

"आत येत नाही," म्हणाली आणि आत आली. बसली मात्र नाही. "एका कागदावर सही हवीय. पाचच्या आत. डॉक्टर उद्यापासून महिनाभर रजेवर आहेत."

ग्योक चू आणि तिची धाकटी बहीण ग्योक लियान माझ्या शेजारी राहतात. दोघींची लग्नं झाली नाहीत. चूनं जन्मभर शाळेच्या ऑफिसात लोकांकडून अर्ज भरून घेतले, लियाननं त्याच शाळेच्या कॅन्टीनमध्ये नूडल्स विकल्या. चू आता बहात्तरची, ठणठणीत. पण डोक्यात काही शिरलं की तिचे पाय ठरत नाहीत.

कागदाचा मतलब असा, की आजार बरा होण्यापलीकडे गेला, माझी शुद्ध हरपली आणि मरण दाराशी आलं, तर नुसतं लांबवायला मला यंत्राला लावू नका. खाली दोन साक्षीदार. एक डॉक्टर आणि दुसरं असं माणूस, की जे नात्यातलं नाही आणि ज्याला तिच्या मरणातून काही मिळणार नाही.

"म्हणजे लियान नाही," मी म्हटलं.

"नाही. आणि तिला सांगितलेलंही नाही."

"अगं, पितरांचा सातवा महिना चाललाय! खाली लोक मेलेल्यांसाठी कागद जाळतायत, आणि तू मरणाच्या कागदावर माझं नाव मागतेस? पुढच्या महिन्यात ये."

"तोवर मला काही होणार नाही, याची हमी देतेस?"

मी सही केली नाही. महिन्याचं निमित्त होतं, खरं म्हणजे मी घाबरले. ती गेली. वरून मला ती दिसत राहिली. पिशवी छातीशी धरून या इमारतीतून त्या इमारतीत. केस कापणारीनं "मुलाला विचारते" म्हणून टाळलं. देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

साडेचारला ती तशीच दवाखान्यात गेली, हे सगळं मला मागाहून कळलं. तिथे अंगठ्याला फडकं गुंडाळलेला एक मलाय माणूस बसला होता, जुफ्री नावाचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. चू तीनदा उठली, तीनदा बसली. शेवटी तोच म्हणाला, "आंटी, तुम्ही आधी जा. माझा अंगठा काही पळून जात नाही."

तिनं एका दमात सगळं सांगितलं. "माझ्या मरणातून तुम्हाला काही मिळणार नाही ना?"

"आंटी, मला माझ्या स्वतःच्या मरणातूनसुद्धा काही मिळणार नाही. आणा इकडे."

डॉक्टर सेल्वनाथननी तिला दोनदा विचारलं, कुणी जबरदस्ती केलीय का? समजून सही करताय ना? मग तिनं सही केली. त्या दोघांनीही केली. जुफ्रीची डाव्या हातानं, वाकडी.

चूला वाटलं होतं, आता जीव थाऱ्यावर येईल. पण घरी जाऊन ती धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. लियाननं नळ बंद केला.

"ताई, काय झालंय?"

चूनं सांगितलं. लियाननं तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. मग म्हणाली, "रस्त्यावरच्या माणसाला विचारलंस आणि मला नाही?"

"घर तुला मिळणार. कायद्यात बसत नाही."

"खोटं बोलू नकोस. सही राहू दे, सांगायचं तरी होतंस."

मग चूचा संयम सुटला. "आईच्या वेळी 'सगळं करा, सगळं करा' कोण ओरडत होतं? पाच महिने, लियान! नळी उपटू नये म्हणून तिचे हात फडक्यानं बांधले होते. तू गाठी बघायची नाहीस. मी बघायचे."

"तुझ्या वेळीही मी हेच ओरडले असते."

"माहीत आहे. म्हणून तर."

"म्हणजे माझ्याविरुद्ध सही केलीस."

"हो," चू म्हणाली.

लियान चपला घालून माझ्याकडे आली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मी सही का नाही केली ते सांगायला तोंड उघडलं, पण ती म्हणाली, "तू गप्प बस, हुई."

पंधरा दिवस दोघी एका घरात परक्यासारख्या वावरल्या. चूच्या येरझारा मला भिंतीतून ऐकू यायच्या. मग सरकारी पत्र आलं, नोंद झाल्याचं. पोस्टमनकडून ते लियाननंच घेतलं, पण ते इंग्रजीत, त्यातलं एक अक्षर तिला कळेना.

"वाच," तिनं चूसमोर ठेवलं. "आणि त्या कागदाची झेरॉक्स असेल ना, तीही. सगळं. गाळू नकोस."

चूनं वाचलं. लियान मध्येमध्ये थांबवायची. "दुखलं तर औषध देतील?" देतील. "तुझं मन बदललं तर?" एका साक्षीदारासमोर नुसतं म्हटलं तरी रद्द होतं.

"आणि खायला?"

"गिळता येतंय तोवर देतील."

"काय देतील?"

"तसं थोडंच लिहिलंय! पेजबिज देत असतील."

लियाननं नाक मुरडलं. "दवाखान्याची पेज म्हणजे पाणी. ती मी आणीन. हे त्या कागदावर लिहून घे."

"आता काही लिहिता येत नाही गं."

"मग लक्षात ठेव," लियान म्हणाली आणि पत्र घडी करून आपल्याच कपाटात ठेवायला घेऊन गेली.