हात जोडले की पट्टी

आमचे हे, म्हणजे दामोदरराव, सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि माझं स्वयंपाकघर चालवायला लागले. फोडणीत मोहरी किती, गॅस केव्हा बारीक, सगळं तोंडाने. माझं माहेर पिढ्यानपिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे "स्वल्प गप्प बसा हो" म्हणायला मी लाजत नाही. पण ऐकतंय कोण?

शेवटी मी त्यांना आनेकल रस्त्यावरच्या झेन ध्यानाला ओढून नेलं. तिथे कुठल्याही धर्माचं माणूस चालतं. चिकपेटचे जैन साडीवाले येतात, एक नमाजी डॉक्टर येतात, आणि शिस्त बघायला सिस्टर फिलोमिना. रविवारी संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून तासभर गप्प बसायचं. यांना गप्प बघून मला भरून आलं, खरं सांगते. अख्ख्या आठवड्यात तेवढा एक तास माझा.

तिथला रिवाज असा, की डुलकी यायला लागली तर बसल्या जागी हात जोडायचे. मग सिस्टर मागून येऊन खांद्यावर लाकडी पट्टी मारतात, झोप उडते. हे सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा आमचे हे बोलत होते.

शेजारी गणपतीचं देऊळ. आरतीची घंटा वाजली, यांचे हात जोडले गेले. सटाक्. थोड्या वेळाने अजान झाली. हे तिलाही हात जोडतात, सासूबाईंचं वळण. पुन्हा सटाक्.

बाहेर आल्यावर यांचा पारा चढला. "मी देवाला नमस्कार करतो आणि बाई मला मारते?"

सिस्टरनी हसू दाबत रिवाज समजावला. "हात जोडले की मी येणारच, अण्णा."

"आणि घंटा वाजली की मी जोडणारच," हे म्हणाले. "पुढच्या रविवारी बघतो. नाही जमलं तर ध्यान बंद."

म्हणजे माझा तासही गेला. मी एकटी गेले असते, पण मग हे घरून फोन करून साखरेचा डबा कुठाय विचारत बसणार. आठवडाभर मी समजावलं, मनातल्या मनात केलेला नमस्कारही पोचतो. "मनातल्या मनात केलेली भाजी जेवतेस का?" हे म्हणायचे.

रविवार आला. घंटा वाजली. मी तिरक्या डोळ्याने बघितलं, तर यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. हे माझ्यासाठी चाललं होतं. माझ्या त्या तासाचं यांना कधी उमगलं, कोण जाणे. मला इतकी माया आली की यांच्या वाटचा नमस्कार मीच करून टाकला.

सटाक्.

परतताना गाडी हे चालवत होते. बोम्मसंद्र्याच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "लागलं का गं?"

"स्वल्प."

सिग्नल सुटला. गाडी पुढे काढत हे म्हणाले, "पुढच्या रविवारी वाटून घेऊ. देवळाची तू खा, मशिदीची मी खातो."