एकमेकांच्या पेटीतल्या किल्ल्या

"परत आलं," मैत्रेयी म्हणाली आणि तिने लॅपटॉप असा काही मिटला, की आतून शीलाबाईंनी विचारलं, "काय फुटलं गं?"

"काही नाही, मम्मी. माझं नशीब."

शंकरराव तायडे खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी हात रिकामे राहिले की त्यांना कामचुकारपणा केल्यासारखं वाटे. लेक वर्षभर दर शनिवार-रविवार त्या लॅपटॉपला जुंपून घेते, त्याचा पगार मिळत नाही आणि स्थळाचा विषय काढला की उठून जाते, एवढं त्यांना ठाऊक होतं. नेमकं काय करते हे विचारायची छाती मात्र झाली नव्हती. बारावी नापास माणसाने इंजिनिअर पोरीला काय म्हणून विचारायचं?

"दुसऱ्यांदा नापास केलं त्यांनी," ती म्हणाली. "रविवारपर्यंत एक चान्स आहे. नाही जमलं तर सोडते मी, पप्पा. बस्स झालं."

'सोडते' हा शब्द शंकररावांना लागला. आयुष्यात त्यांनीही एक गोष्ट अशीच सोडून दिली होती, आणि ती त्यांना अजून सोडत नव्हती.

"काय आहे ते तरी सांग. माझ्या डोक्याला झेपेल असं."

मैत्रेयी आधी हसली. मग सांगू लागली. "कम्प्युटरच्या मुळाशी एक प्रोग्राम असतो, कर्नल. सगळा कारभार त्याचा. जगभरचे लोक फुकटात त्यात सुधारणा करून पाठवतात, आणि तपासणारे त्या घेतात किंवा परत करतात. बाकीचे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते सॉकेटमधून. पेटी समजा तुम्ही. गंमत म्हणजे एका पेटीतून दुसरी आख्खी पेटी पाठवता येते. मग कधी होतं काय, ही तिच्यात अडकते, ती हिच्यात, आणि दोघींचे मालक निघून गेलेले असतात. कुणी उघडू शकत नाही, फेकू शकत नाही. जागा नुसती अडून राहते."

"मग?"

"मग कर्नल हा कचरा शोधायला निघतो. एकूणएक पेटी तपासतो. तोवर बाकीचे लाइनीत उभे. मी म्हटलं, हे फास्ट करू. केलं पण. तर तपासणारा म्हणतो, तू झाडू मोठा आणलास, पण लोकांना अजून उभंच करतेस."

शंकररावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, हे तर आमच्या स्टोअरचं लफडं!"

अंबरनाथच्या त्या कारखान्याच्या जागी आता बावीस मजल्यांचे टॉवर आहेत. तिथे शंकररावांनी एकतीस वर्षं हत्यारांचं स्टोअर सांभाळलं. फिटर लोक आधी सुटले तर आपल्या मोठ्या पेटीची किल्ली टर्नरांच्या पेटीत ठेवून जात, टर्नर आधी सुटले तर आपली फिटरांच्या पेटीत. विश्वासाची चाल होती. एका शनिवारी दोघांनी एकाच वेळी ती पाळली. कुलपं दाबली की बसणारी. सोमवारी दोन्ही खाती आपापल्या पेटीपुढे डोक्याला हात लावून उभी. पुढे जुन्या कामांच्या कितीतरी पेट्या अशाच अडकून रॅक भरत गेल्या, आणि त्या हुडकायला साहेब महिन्यातून एक दिवस सगळा कारखाना थांबवू लागले.

"मी काय केलं, बघ." शंकररावांनी बायकोचा शिवणाचा खडू घेतला आणि सरळ हॉलच्या फरशीवर चौकोन काढायला बसले.

"अहो, आत्ताच पुसलंय मी!" शीलाबाई ओरडल्या. कुणी ऐकलं नाही.

"किल्ली माणसाच्या खिशात असेल, तर त्या पेटीकडे बघायचंच नाही. ती जिवंत. किल्ली दुसऱ्या पेटीत गेली, की पाटीवर रेघ मारायची, हिच्याकडून तिच्याकडे. नंतर नाही, त्याच वेळी. रेघ फिरून जिथून निघाली तिथेच आली, की तेवढ्याच पेट्या संशयाच्या. बाकीच्यांना कशाला थांबवायचं?"

"आणि त्यातल्या एखादीची दुसरी किल्ली बाहेर कुणाकडे असेल तर?"

"मग त्यातल्या कुठल्याच पेटीला हात लावायचा नाही. मी घाई केली होती एकदा. किल्ली फोरमनच्या खिशात, आणि मी कुलूप तोडून मोकळा. काय शिव्या खाल्ल्या म्हणून सांगू!"

"आणि नवीन रेघच नाही मारली तर?"

"तर त्या दिवशी तपासायचं कशाला? चहा प्यायचा."

मैत्रेयी चौकोनांशेजारी फरशीवरच बसली. "पप्पा, हे कुठे लिहून ठेवलंय का तुम्ही?"

"लागलं होतं की नोटीस बोर्डावर. साहेबांच्या सहीने, साहेबांची पद्धत म्हणून. मी भांडलो नाही, सोडून दिलं. आपण कोण? बिल्ला नंबर चारशे सतरा." शंकरराव हसले, पण एवढ्या वर्षांत ते दुखणं जराही कमी झालं नव्हतं.

रविवारपर्यंत मैत्रेयी त्या चौकोनांशेजारीच बसून होती. शीलाबाई कुरकुरत, पण रेघांना वळसा घालून झाडत राहिल्या. रविवारी संध्याकाळी तिने सगळं पाठवून दिलं. त्यानंतर अकरा दिवस उत्तर आलं नाही. शंकररावांनी मात्र तेवढ्यात सहा किलो शेंगा सोलल्या.

बाराव्या दिवशी दुपारी ती हॉलमध्ये आली. "पप्पा, घेतलं त्यांनी! फक्त एक परवानगी हवीय."

"कुणाची? सांग, मी अर्ज लिहून देतो. एकतीस वर्षं तेच केलंय."

"अर्ज नाही. तुमची परवानगी."

"माझी?"

"कल्पना स्टोअरकीपरची आहे, असं मी कळवलं होतं. ते म्हणतात, मग त्यांचं नाव पाहिजे. आणि नाव टाकायचं तर त्या माणसाला विचारावं लागतं. नियमच आहे."

"कुठे राहील ते नाव?"

"या बदलाबरोबर, त्यांच्या नोंदीत. तिथलं कुणी पुसत नाही."

शंकरराव उठून आत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून.

"आता कुठे निघालात?" शीलाबाईंनी विचारलं.

"कुठे नाही."

ते लॅपटॉपसमोर बसले. चष्मा पुसला. इंग्रजी ओळींच्या शेवटी त्यांचं नाव होतं, पहिलं आणि आडनाव दोन्ही. नंबर नव्हता. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सही कुठे करू?"

"सही नको. नुसतं हो म्हणा."

त्यांनी वेळ घेतला. साहेब लोक अर्जावर घ्यायचे, तेवढा घेतला. मग घसा साफ करून म्हणाले, "हो."

आणि बायकोकडे वळून, "आता पुसलीस फरशी तरी चालेल."

शीलाबाईंनी खाली त्या पुसट झालेल्या चौकोनांकडे पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि वळसा घालून चहा ठेवायला गेल्या.