उकिरड्याचं पांघरूण

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही जमिनीत कमरेइतके खोल, आभाळाकडे तोंड करून निजला आहात. अंगावर शेण पडतं आहे, लेंड्या पडताहेत, वाळका पाला भिरभिरत येतो आहे, आणि पोटात काहीतरी हळूहळू ऊबदार होत चाललं आहे. नाक मुरडू नका. असं निजायला फार बरं वाटतं. माण तालुक्यातल्या एका वाडीत, नानासोंच्या गोठ्यामागे, मी असाच निजून आहे. मी एक जुना उकिरडा आहे.

मला नानासोंच्या वडिलांनी खणलं. तेव्हा हे घर मेंढरांमागे गावोगाव हिंडायचं. कळप घरी परतला की माझ्यात लेंड्या पडत, त्यांवर कडुनिंब आपला पाला सोडी. मी मुरत राही आणि मला हिरवी स्वप्नं पडत. कुठल्याशा शिवारात मी बाजरीचं कणीस होऊन डुलतो आहे, असं वाटे. वर्षाकाठी मला उपसलं की काळंभोर, भुसभुशीत खत निघे. दिवाळीत वसुबारसेला नानासोंची आई भामाबाई माझ्या काठावर पणती लावी. देवाला दिवा, तसा मलाही!

पुढे मेंढरं गेली. सिमेंटच्या गोठ्यात दोन गाई आल्या. त्यांतली चांदी ही नानासोंच्या लेकीची, मायाची, फार लाडकी. ती वासरू असताना मायाने तिला बाटलीने दूध पाजलं होतं.

नानासो रोज सकाळी गोठा धूत. टँकरची वर्षं पाहिलेला माणूस तो, पाण्याचा थेंब वाया घालवणं त्यांना पाप वाटे. भांड्यांचं पाणी शेवग्याला, अंघोळीचं तुळशीला, आणि गोठ्याचं माझ्यात. त्यांना वाटलं, उकिरड्यालाही तहान लागत असेल.

तीन वर्षं मी पाणी पीत राहिलो आणि शेवटी बुडालो. श्वास कोंडला. जे मुरायचं ते सडू लागलं. माझ्यातून डोळ्यांना झोंबणारा उग्र दर्प उठू लागला. माशा घोंगावू लागल्या. स्वप्नं पडायची थांबली. भामाबाईची पणतीही येईनाशी झाली. इतक्या जवळ कोण येणार?

गौरी-गणपती उरकले आणि एका सकाळी शेजारच्या सुलाबाई नाकाला पदर लावून कुंपणापाशी आल्या.

"नानासो, लेकीचं बाळंतपण काढू का दिसभर माशा हाकलू? बाळाचं डोळं बगा कसं चुरचुरत्यात!"

नानासोंची मान खाली गेली. "काकी, दिवाळीपतूर थांबा. तवर वास गेला न्हाई, तर गाया म्हसवडच्या बाजारात इकून टाकतो."

मायाने चांदीच्या गळ्याला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी ती नाक दाबून माझ्या काठाने फिरली. कडुनिंबाखालच्या कोपऱ्यात थांबली. तिथे पाणी पोचत नव्हतं आणि पाल्याचा जाड थर साचला होता. तिने काडीने उकरलं, चिमूटभर हातावर घेतलं आणि हुंगलं. मग धावतच आजीकडे गेली.

"आज्जी, ह्या कोपऱ्याला घाण वास कसा न्हाई?"

"तितं पाणी कुटं जातंय? आमी मेंढरं राखायचो, तवा लेंड्यांवर पाणी कवा वतलं न्हाई बाई. वर पाला तेवढा टाकायचो."

"मग पाणी काय वाया घालवू?" नानासो गोठ्यातून ओरडले. "टँकरची रांग इसरलीस व्हय, आये?"

"वाया कशापायी, आबा?" माया म्हणाली. "हत्तीगवताला सोडा की. चांदीच खाईल."

नानासो बघतच राहिले. मग हसले. "आये, लय शानी झाली की गं ही!"

त्यांनी चर खणला. गोठ्याचं पाणी गवताकडे वळलं. माझ्यात साचलेलंही बादली बादलीने तिकडेच गेलं. शाळेतून आली की माया ताज्या शेणावर पाला, गव्हाणीतले उरलेले बुडखे आणि थोडी माती पसरी. पहिल्यांदा तिने पातळसं पसरलं, तर चार दिवसांत दर्प पुन्हा वर आला. माया रडकुंडीला आली. भामाबाईने आपली वीत टेकवून थर मोजून दाखवला.

"वीतभर जाड पायजे, पोरी. बोटभर न्हवं. थंडीत तुला एवढूसं पांघरूण पुरंल का?"

पांघरूण जाड झालं. माझा श्वास हळूहळू मोकळा होत गेला, पोटात पुन्हा ऊब धरली. आणि एका पहाटे, मित्रांनो, मी पुन्हा कणीस होऊन डुललो.

म्हणून सांगतो, कुठल्या उकिरड्याला दर्प येऊ लागला तर त्याला नावं ठेवण्याआधी एवढं बघा: तो पाण्यात बुडालाय का? त्याच्या अंगावर पांघरूण आहे का? आम्हाला फार काही लागत नाही.

वसुबारसेची संध्याकाळ झाली. सुलाबाई नातवाला घेऊन कुंपणापाशी आल्या. नानासो चांदीचं दावं हातात धरून उभे होते. सुलाबाईंनी पदर नाकावरून बाजूला केला. एक श्वास घेतला. आणखी एक घेतला.

"नानासो, उकिरडा बुजवला व्हय?"

"न्हाई काकी. तुमच्या म्होरंच हाय की."

भामाबाई खुदकन हसली. सुलाबाईंच्या कडेवरचं बाळ डोळे टक्क उघडून माझ्याकडे बघत होतं.

तेवढ्यात माया पणती घेऊन आली. माझ्या काठावर वाकली आणि थबकली. सगळीकडे वाळका पाला होता. तिने तो हाताने दूर सारला, मोकळ्या जागी सपाट दगड मांडला आणि त्यावर पणती ठेवली. मग वाऱ्याने उघडा पडलेला माझा एक कोपरा तिला दिसला. तिथे तिने ओंजळभर पाला नीट पसरला, वरून वीत टेकवून पाहिली, आणि आबांच्या हातातलं दावं घेऊन चांदीला गोठ्यात परत घेऊन गेली.