लेबल तळहाताकडे

"आलं! आलं! भस्म आलं!"

पुढच्या रांगेतली एक बाई ताडकन उभी राहून किंचाळली आणि शेडमधली तीनशे माणसं एकदम गुडघ्यांवर आली. लाल पाटावर भस्मानंद अप्पाजींची चकचकीत तसबीर होती, आणि तिच्यातल्या अप्पाजींच्या गालांतून, दाढीतून, उजव्या कानातून पांढुरकी राख उगवत होती. उगवत होती हाच शब्द खरा. ओल्या भिंतीवर बुरशी चढावी तशी ती केसाकेसाने वर येत होती आणि कोणी फुंकर घातली की भुरभुरत पाटावर पडत होती.

"हात लावून बघा, तसबीर गरम आहे!" अप्पाजींचा शिष्य ओरडला. "हा अप्पाजींच्या श्वासाचा ताप!"

ज्यांनी हात लावला ते रडायला लागले. ज्यांना लावता आला नाही ते त्याहून मोठ्याने रडायला लागले.

शेड मंडक्कीच्या जुन्या भट्टीची. वर्षानुवर्षं चुरमुरे भाजून काळ्या पडलेल्या भिंती, आणि त्यांच्यापुढे भगव्या कपड्यातले अप्पाजी. मागच्या खांबाला टेकून विमलाक्षी मॅडम गर्दी मोजत होत्या. चौतीस वर्षं दावणगेरेच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत त्यांनी मुलांना परीक्षानळ्या मोजून दिल्या आणि मोजून परत घेतल्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, मोजायला काही उरलं नाही, म्हणून आता त्या माणसं मोजत. त्यांच्या हिशेबाने इथे शंभरेक माणसं दुखणं घेऊन आली होती, दीडशे माणसं दुखणेकऱ्याला घेऊन आली होती आणि बाकीची शेजारच्या गाड्यावरची मिरची-भजी खायला आली होती. त्यांचंही गुडघ्यांवर येणं तितकंच मनापासून होतं.

मॅडम आल्या होत्या त्या हालम्मासाठी.

हालम्मा म्हणजे शेजारची. मॅडमना नवरा नव्हता, मूल नव्हतं, एक भाऊ होता तो हुबळीला असून नसल्यासारखा. हालम्माचा मुलगा बंगळूरला, रविवारी फोनवर. त्यामुळे रोज सकाळी साडेसहाला हालम्मा कुंपणातल्या फटीतून यायची, पायरीवर बसायची आणि एक पेला कॉफी पिता पिता गल्लीतल्या प्रत्येक घराची खबर सांगायची. अकरा वर्षांत हा नेम दोनदाच चुकला होता. आता सतरा दिवस चुकला होता. अप्पाजींचं भस्म दुधातून एकेचाळीस दिवस घ्यायचं, त्या काळात कॉफी वर्ज्य. गुडघे पहिल्यासारखे होणार होते.

मॅडम तरी सवयीने दोन पेल्यांची कॉफी करायच्या. दुसरा पेला निवायचा. अकराच्या सुमाराला त्या तो स्वतःच पिऊन टाकायच्या.

पाटावर दुसरी तसबीर आली. अप्पाजींनी तीर्थाची तपकिरी बाटली उचलली. बाटलीवर देवाचं रंगीत चित्र चिकटवलेलं होतं. दुसरा कोणी भोंदू असता तर त्याने ते चित्र गर्दीकडे करून धरलं असतं, चिकटवायचं ते त्याचसाठी. अप्पाजींनी बाटली फिरवली आणि देव तळहातात झाकला. काचेचं बूच काढलं, पण ते खाली ठेवलं नाही. दोन बोटांच्या बेचक्यात उलटं धरलं. कापसाच्या बोळ्यावर तीर्थ ओतलं आणि बाटलीच्या ओठावर लोंबणारा शेवटचा थेंब बुचाने अलगद टिपून घेतला.

मॅडमनी खांब धरला.

'ओतताना लेबल तळहाताकडे. थेंब ओघळला तर लेबलावरून जाता कामा नये. लेबल गेलं की आत काय आहे ते कोणालाच कळत नाही.' हे चौतीस तुकड्यांना सांगून झालं होतं, चुकणाऱ्याच्या बोटांवर काचकांडी टेकवून. एवढं सगळीच कॉलेजं शिकवतात. पण शेवटचा थेंब बुचाने टिपणं? ती त्यांची स्वतःची खोड. ती त्यांच्या टेबलाशिवाय कुठेच शिकायला मिळाली नसती.

अप्पाजींनी चिमट्याने बोळा धरून तो तसबिरीवर फिरवला, वर रेशमी कापड टाकलं आणि तांब्याच्या घंगाळात तीन वेळा हात धुतले. भक्तांना वाटलं, काय सोवळं! मॅडमनी अप्पाजींच्या खालच्या ओठाकडे पाहिलं. दाढीच्या काठाशी तांदळाएवढा पांढरा डाग होता.

कोट्रेश. बावीस वर्षांपूर्वीचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा.

तेव्हा पिपेटच्या काचनळीत द्रव तोंडाने ओढायची पद्धत होती. त्याऐवजी वापरायचे रबरी फुगे कपाटात कुलूपबंद असत, तपासणीला साहेब आले की बाहेर निघत. कोट्रेशने कॉस्टिक सोडा ओढला, द्रव किती वर चढला ते पाहिलं नाही, आणि घोटभर तोंडात आला. "थुंक! गिळू नकोस!" असं ओरडत मॅडमनी त्याचं डोकं नळाखाली धरलं होतं ते घड्याळ लावून पंधरा मिनिटं. नंतर रिक्षा, दवाखाना. पोरगा वाचला, ओठावर डाग राहिला. दुसऱ्याच दिवशी फुगे कपाटातून बाहेर आले ते कायमचे. त्यानंतर दोन-तीन दिवाळ्या तो घरी येऊन पाया पडला. एका वर्षी आला नाही. कॉलेज सुटलं म्हणे. मॅडमनी चौकशी केली नव्हती.

बुधवारी सकाळी त्या स्वतःच कुंपणाच्या फटीतून हालम्माकडे गेल्या.

"हालक्का, तोंड उघड बघू."

"डॉक्टरीण झालीस का आता?" म्हणत हालम्माने तोंड उघडलं. हिरड्या काळसर पडून सुजल्या होत्या. "तांब्याचा पैसा चघळल्यासारखं लागतंय गं दिवसभर. अप्पाजी म्हणाले, जुनं विष बाहेर पडतंय."

"पाय का सुजलेत?"

"विष खाली उतरतंय."

"आणि लघवी?"

"कमी झालीय. विष आटतंय."

"म्हणजे तुझ्या अंगात जे काही होईल ते विषच करतंय, आणि भस्म बिचारं नुसतं बघत बसलंय?"

हालम्माने पाय आखडून घेतले. "विमला, तुझ्या कपाळावर रोज विभूती असते. तुझी ती खरी आणि माझी खोटी?"

"माझी शेणाची राख आहे, ती मी लावते. खात नाही. आणि कशाची आहे ते मला ठाऊक आहे. तुझी कशाची आहे?"

"देवाची."

"दवाखान्यात चल. नुसती तपासणी करू."

"चोवीस दिवस राहिलेत. मध्ये सोडलं तर उलटतं, म्हणालेत ते." मग तिचा आवाज खाली आला. "दहा वर्षांत मला कोणी 'बरी होशील' म्हटलं नव्हतं गं. तूसुद्धा नाहीस."

मॅडम परत आल्या आणि दोन पेले कॉफी पाठोपाठ पिऊन बसल्या. हालम्मा म्हणाली ते खरंच होतं.

शुक्रवारी त्या शेडमध्ये गेल्या त्या पिशवी घेऊन. पिशवीत स्टीलची एक ताटली, पितळेची एक वाटी, ऍल्युमिनियमच्या पातेल्यावरचं एक झाकण आणि तळाशी कागदाची एक पुडी. हालम्मा पहिल्या रांगेत होती.

"अप्पाजी," मॅडम पुढे जाऊन म्हणाल्या, "माझी तसबीर नाही. या भांड्यांवर भस्म द्याल का?"

अप्पाजींनी वर पाहिलं. नजर क्षणभर अडखळली, मग गोड झाली. बावीस वर्षांची दाढी मध्ये होती. मॅडम आपल्याला ओळखणार नाहीत अशी त्यांनी बहुधा खात्री करून घेतली.

"ताई, भाव असेल तिथे भस्म. धातूचं काय?"

बोळा तिन्ही भांड्यांवर फिरला. कापड टाकलं. पाव तास भजन झालं. कापड काढलं तर झाकणावर राखेचं रान माजलेलं, स्टीलची ताटली मात्र कोरडी लख्ख. पितळेच्या वाटीला चांदीसारखा एक डाग पडला होता, राख नव्हती.

"बघा लोकहो," मॅडम वळून म्हणाल्या, "देव ऍल्युमिनियमलाच कसा पावतो? तसबिरी कशाच्या आहेत बघा. ऍल्युमिनियमच्या पत्र्याच्या."

मग अप्पाजी हसले. "स्टील म्हणजे परदेशी कारखान्यातला धातू, ताई, त्याला संस्कार नाहीत. आणि पितळेच्या वाटीपुढे घरात कधीतरी खोटं बोलणं झालं असणार!"

शेड हास्याने दणाणली. "मॅडम, वाटी घासून आणा!" कोणी तरी मागून ओरडलं. "आधी जीभ घासा!" दुसरा म्हणाला. हालम्माही हसली. मॅडमना ते तिचं हसणं नेमकं ऐकू आलं.

इतका स्वच्छ प्रयोग त्यांनी आयुष्यात केला नव्हता, आणि इतका वाया गेलेलाही.

"बरोबर आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी जीभच खोटी. मग प्रसाद मलाच हवा." त्यांनी झाकणावरून रुमालाने राखेचा झुबका उचलला, सगळ्यांना दाखवला, अप्पाजींच्या डोळ्यांत पाहिलं आणि उजव्या हाताची मूठ तोंडात रिकामी केली.

"मॅडम, थुंका!"

अप्पाजी पाटावरून उडी मारून खाली आले. घंगाळ लवंडलं. त्यांनी एका हाताने मॅडमचा जबडा धरला, दुसऱ्याने पाण्याच्या पिंपाची तोटी उघडली. "थुंका! गिळू नका! अरे पाणी सोडा कोणी तरी! मॅडम, गिळू नका!"

मॅडमनी चूळ भरली. थुंकल्या. पदराने तोंड पुसलं.

"डाळ्याचं पीठ आहे, कोट्रेश," त्या म्हणाल्या. "पिशवीतल्या पुडीतलं. राख डाव्या हातात आहे, रुमालात. प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही, हे मी शिकवायचे. विसरलास?"

भजनाची पेटी एका सुरावर अडकून राहिली होती. वाजवणाऱ्याने भात्यावरचा हात काढला.

हालम्मा खांब धरून उभी राहिली. "गिळू नका?" ती म्हणाली. "मी वीस दिवस गिळतेय रे."

कोट्रेश ओल्या जमिनीवर बसला. भगव्या कपड्यांतही तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचाच दिसत होता. शिष्य मागच्या दाराने केव्हाच गेला होता.

"सांग त्यांना," मॅडम म्हणाल्या.

पण सांगितलं शेवटी त्यांनीच, वर्गात सांगायच्या तसं, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं. ऍल्युमिनियमच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारं एक कवच असतं. त्याच्या जोरावर आपली पातेली वर्षानुवर्षं टिकतात. तीर्थात पाऱ्याचा क्षार आहे, जुने वैद्य ज्याला रसकापूर म्हणत. पारा ते कवच जागेवर टिकू देत नाही. उघड्या धातूला हवा लागते, हवेने त्याची राख होते, आणि होताना उष्णता निघते. म्हणून तसबीर गरम. स्टीलला हे होत नाही. पितळेवर पारा नुसता चढून बसतो, म्हणून चांदीसारखा डाग. त्यात ना संस्कार, ना खोटं बोलणं. आणि त्या राखेत पारा असतो. तो हिरड्या खातो, मूत्रपिंडं खातो.

"ज्यांनी ज्यांनी हे खाल्लंय त्यांनी आजच सरकारी दवाखान्यात जा. काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा, लाजू नका."

"थोडंच असायचं, मॅडम," कोट्रेश पुटपुटला. "अगदी किंचित."

"किती?"

तो ओठावरचा डाग चोळत राहिला.

"मोजलंस?"

"नाही."

"म्हणजे बूच धरायला शिकलास, तेवढंच."

काही माणसं दवाखान्याकडे धावली. काही अजून अप्पाजींच्या पाया पडत होती. दोघं-तिघं मॅडमना शिव्या देत निघून गेली, आणि मिरची-भजीच्या गाड्यावर एकदम गर्दी झाली. पोलीस आले तेव्हा कोट्रेश जागचा हलला नव्हता. जाताना तो मॅडमच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. आशीर्वादही दिला नाही.

डॉक्टर म्हणाले, हालम्माच्या मूत्रपिंडांना धक्का बसलाय, पण वेळेत आणलंत. आणखी दहा दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. हालम्मा आठवडाभराने घरी आली. सकाळी साडेसहाला मॅडमनी दोन पेले भरले. कुंपणाच्या फटीतून कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही.

चौथ्या दिवशी हालम्मा आली, पण पायरीवर बसली नाही. हातात स्टीलचा छोटा डबा.

"हे उरलेलं. कुठे टाकू?"

"गटारात नको, मातीत नको. इथे दे. कॉलेजात पोचवते, त्यांना ठाऊक असतं काय करायचं."

हालम्माने डबा दिला. "तीनशे माणसांसमोर मला मूर्ख ठरवलंस."

"हो. दुसरं काही सुचलं नाही."

"गुडघे दुखतायत."

"दुखणारच. ते मला बरे करता येत नाहीत, हालक्का. हाडांच्या डॉक्टरकडे सोबत येता येईल."

हालम्माने पायरीवरच्या पेल्याकडे पाहिलं. "तो पोरगा किती घाबरला गं तुझ्यासाठी," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही घाबरला." आणि फटीतून परत गेली.

मॅडमनी कागदाची एक पट्टी कापली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'पाऱ्याची राख. विष. तोंडात घालू नये.' डब्यावर चिकटवली, कडा अंगठ्याने दाबल्या. मग चौतीस तुकड्यांना जे सांगायचं राहून गेलं ते आणखी काही पट्ट्यांवर लिहून काढलं. त्या पट्ट्या अजून त्या गल्लीत, भट्टीच्या दारावर, दवाखान्याच्या भिंतीवर दिसतात:

'बाटली कोणाचीही असो, कोणत्याही देवाचं चित्र लावलेली असो. त्यात काय आहे, किती आहे, आणि देणारा स्वतः ते घेतो का, एवढं विचारा. विचारल्यावर जो रागावतो, त्याच्या हातचं काही खाऊ नका.'

पट्ट्या लिहून होईस्तोवर दुसरा पेला निवला होता. तो तसाच पायरीवर ठेवून, वर बशी झाकून, मॅडम पट्ट्या घेऊन बाहेर पडल्या.