रुफिनोच्या हातावरचा ‘न’

रुफिनो आब्रिगोच्या उजव्या हातावर, कोपर ते मनगट या चोवीस सेंटिमीटरांत, एवढं गोंदलेलं होतं: नऊ किरणांचा सूर्य एक, गोमा दोन, मगरीचे दात सतरा आणि अक्षरं दोन. मी दोनदा मोजलं. दात अठरा ठरले होते, पण अठराव्याच्या वेळी रुफिनोनं हात ओढून घेतला.

सूर्य फिलिपिनो झेंड्यावरचा. झेंड्यावरच्या सूर्याला किरणं आठ, स्पेनविरुद्ध आधी उठलेल्या आठ प्रांतांची. आमचा केसोन प्रांत त्या आठांत नाही. ही चूक रुफिनोनं स्वतःच्या कातडीवर दुरुस्त करून घेतली. गोमा उत्तरेच्या डोंगरातल्या. तिथे जुन्या काळी लढाईत शत्रूचं डोकं उतरवल्याखेरीज पुरुषाच्या अंगावर असली नक्षी चढत नसे. रुफिनो तिकडे एकदाच गेला होता आणि येताना स्ट्रॉबेरीचा जॅम घेऊन आला होता. मगरीचे दात विसायाच्या बेटांवरचे. तिथली माणसं अंगभर गोंदलेली पाहून स्पॅनिशांनी त्यांचं नावच ‘रंगवलेले’ असं ठेवलं. आम्ही तागालोग. आमचे पूर्वज गोंदून घेत असल्याचा पुरावा फारसा सापडत नाही. रुफिनोला तो फेसबुकवर सापडला होता.

दोन अक्षरं मात्र आमचीच होती, तागालोगांच्या जुन्या लिपीतली. पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

रुफिनोला आमच्या बरांगायचा, म्हणजे गावचा, कॅप्टन व्हायचं होतं. गेल्या खेपेला तो अकरा मतांनी पडला होता. या खेपेलाही पडला तर सासऱ्याच्या पोल्ट्रीवर कामाला जायचं, असं त्याच्या बायकोनं आणि सासऱ्यानं मिळून ठरवलं होतं. रुफिनोला कोंबड्यांचा वास सहन होत नसे, आणि सासऱ्याचा तर त्याहून नाही.

आमच्याकडे गावच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नसतात. रिकाम्या रेघेवर मतदारानं हातानं नाव लिहायचं. अर्जात दिलेलं टोपणनाव लिहिलं तरी चालतं. रुफिनोनं पहिल्याच दिवशी अर्ज भरला आणि टोपणनाव दिलं ‘लाबान’. लाबान म्हणजे लढा. हातावर लाबान गोंदवायचं आणि ‘माझ्या हातावर आहे तेच लिहा’ असं सांगत दारोदार फिरायचं, हा त्याचा बेत.

न्हाव्याच्या दुकानामागे जेलीन गोंदते. अक्षरं बरोबर मधोमध यावीत म्हणून रुफिनोनं मला फूटपट्टीसकट सोबत नेलं.

“कुया, एक अडचण आहे,” जेलीन म्हणाली. आमच्याकडे मोठ्या भावाला कुया म्हणतात, आणि उमेदवार सगळ्यांचाच मोठा भाऊ असतो. “या लिपीत नुसतं व्यंजन लिहिता येत नाही. शेवटच्या ‘न’चा पाय मोडायचा तर त्याच्याखाली छोटा क्रूस काढावा लागतो.”

“हा क्रूस कुणी काढला?”

“एका स्पॅनिश पाद्र्यानं. चारशे वर्षं झाली त्याला.”

“मग नको! माझ्या कातडीवर स्पॅनिश खूण नको.”

“गळ्यात आहे की तुमच्या.”

“तो सोन्याचा आहे.”

जेलीननं सुई खाली ठेवली. “क्रूस नाही तर ‘लाबाना’ होईल.”

“आपले पूर्वज काय करायचे ते सांग.”

“ते शेवटचा ‘न’ लिहायचेच नाहीत. वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा.”

“मग तसंच कर. ज्याच्या अंगात फिलिपिनो रक्त आहे, त्याला तो ‘न’ ऐकू येतो.”

जेलीन माझ्याकडे वळली. “टीचर, तुम्हाला येतोय का हो?”

“मी फक्त मोजायला आलेय,” मी म्हणाले.

तर हातावर दोन अक्षरं उमटली: ला आणि बा. आता, लाबा हाही आमचा रोजचा शब्द आहे. लाबा म्हणजे कपडे धुणं.

हे सगळ्यात आधी आलिंग पुरिंगनं वाचलं. आलिंग म्हणजे मावशी. सगळं गाव तिला तसंच म्हणतं. कोपऱ्यावर तिचं धुलाईचं दुकान आहे, मशिनं तीन, त्यांतली चालू दोन. रुफिनो दर शनिवारी जुनी लिपी शिकवायचा. वर्गाला नाव दिलं होतं ‘रक्ताची शाळा’. शाळेनंतर केळीच्या पानावर पान्सित हा नूडल्सचा पदार्थ मिळायचा, म्हणून आलिंग पुरिंगची एकाही शनिवारची हजेरी चुकली नव्हती. परिणामी ती वाचायला शिकली होती.

“ला… बा,” तिनं त्याच्या हातावर बोट ठेवून वाचलं. “अगं बाई! रुफिनो, माझ्या दुकानाची पाटी तुझ्या हातावर कशाला रे?”

“लाबान आहे ते, आलिंग.”

“न कुठाय?”

“समजून घ्यायचा.”

“असं होय! मग तुझे शर्ट मी उद्यापासून न धुताच देते. धुतलेत असं समजून घे.”

वर्ग हसला. रुफिनोनं हसणाऱ्यांना परकीय सत्तेचे गुलाम म्हटलं आणि पान्सितची पातेली झाकून ठेवली. ही मात्र चूक झाली. आलिंग पुरिंग तरातरा उठली, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं असताना, कॅप्टनपदासाठी तिचाही अर्ज दाखल झाला. टोपणनाव: लाबा. कुणाला हरकत घ्यायला जागाच नव्हती; बावीस वर्षं गाव तिला पुरिंग लाबा म्हणूनच ओळखत होतं.

त्या संध्याकाळी मी आणि जेलीन रुफिनोच्या घरी गेलो.

“सहा मिलिमीटरचा क्रूस,” जेलीन म्हणाली. “पाच मिनिटांचं काम. फुकट करते.”

“नाही.”

“कुया, तुम्ही लोकांना हातावरचं लिहा म्हणून सांगताय,” मी म्हणाले, “आणि हातावर आता तिचं नाव आहे.”

“टीचर, तुम्ही पडलात विज्ञानवाल्या. तुम्हाला जे दिसतं तेवढंच दिसतं.”

“मतमोजणीलाही मीच बसणार आहे.”

“बसा की! पूर्वजही बसतील शेजारी.”

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “पूर्वजांना विचारा, अंडी कोण गोळा करणार ते!”

रुफिनोनं दार लावून घेतलं.

पुढचे दहा दिवस तो बाही कोपराच्या वर दुमडून फिरला. भाषण एकच होतं: स्पॅनिशांनी आपली नावं घेतली, अक्षरं घेतली, अंगावरची चित्रं पुसली, ती परत घ्यायची तर सुरुवात मतपत्रिकेपासून. रुफिनो आब्रिगो हे नाव नि आडनाव कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. रक्ताच्या शाळेतल्या लोकांनी मात्र शपथ घेतली की मत देणार ते जुन्या अक्षरांतच.

मोजणी शाळेत होती, माझ्याच वर्गात. अध्यक्ष आमच्या मुख्याध्यापिका कॉन्सोर्सियाबाई. त्या मत वाचायच्या, मी फळ्यावर रेघा मारायची. पाचवी रेघ आडवी. साडेपाच वाजता पेटी रिकामी झाली. रोमन अक्षरांतली मतं: रुफिनो दोनशे चौदा, आलिंग पुरिंग एकशे अठ्ठ्याण्णव. बाजूला वेगळा गठ्ठा, एकसष्ट मतपत्रिकांचा. प्रत्येकीवर तीच दोन अक्षरं, बहुतेक सुबक वळणाची. शिकवणी चांगली झाली होती.

“ही एकसष्ट माझी,” रुफिनो म्हणाला.

“हात इकडे आणा,” कॉन्सोर्सियाबाई म्हणाल्या. त्यांनी एक मतपत्रिका त्याच्या हाताशेजारी धरली. “टीचर, तपासा.”

“तंतोतंत तेच आहे, बाई.”

“वाचा.”

“ला. बा.”

“लाबा कुणाचं टोपणनाव?”

“माझं!” आलिंग पुरिंग मागून ओरडली. “अर्जात आहे, शिक्क्यासकट.”

“अहो, पण लिहिणारे सगळे माझे आहेत!” रुफिनो म्हणाला. “मी शिकवलेले. त्यांच्या मनात लाबान होतं.”

“पेटीत मन टाकता येत नाही, रुफिनो. कागद टाकतात.” बाईंनी चष्मा काढून पुसला. “मला दोनच रस्ते दिसतात. ही अक्षरं असतील तर लिहिलंय ते वाचायचं, समजून काही घ्यायचं नाही. आणि अक्षरं नसतील, नुसतीच नक्षी असेल, तर मत बाद. या लिपीतलं मला काही कळत नाही. गावात जाणकार तुम्हीच. तुम्ही सांगाल ते मी नोंदवते.”

रुफिनोच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. एकशे अठ्ठ्याण्णव अधिक एकसष्ट. बेरीज त्याला जमली, कारण त्याचा चेहरा उतरला.

“नक्षी?” आलिंग पुरिंग उभी राहिली आणि तिनं हातातला पंखा छातीशी धरला. “बाई, नक्षी काय म्हणता? आपल्या पूर्वजांची लिपी आहे ही! स्पॅनिशांची जहाजं यायच्या आधीची! कळायला रक्तात असावं लागतं. सांग रे रुफिनो यांना. तूच तर शिकवलंस मला, पातेली झाकायच्या आधी.”

खिडकीबाहेर रक्ताची शाळा गर्दी करून उभी होती. नेमकं काय चाललंय ते त्यांना कळलेलं नव्हतं. आपल्या अक्षरांवरून वाद आहे, एवढंच कळलं होतं.

“सोडू नका, कुया!” कुणीतरी ओरडलं. “अक्षरं आपली आहेत!”

“आपली आहेत!” बाकीचे म्हणाले.

त्यांच्या शेजारी रुफिनोचा सासरा उभा होता. त्याच्या रबरी बुटांना पीस चिकटलेलं होतं.

रुफिनोनं बाही सोडली आणि मनगटाचं बटण लावलं. मग तो टेबलावर वाकला.

“नक्षी आहे,” तो हळूच म्हणाला.

“मोठ्यानं बोला, नोंदवायचंय.”

“नक्षी आहे हो, बाई. त्या गोमा आहेत ना, तशीच. तिला काही अर्थ नसतो.”

“नक्की?”

“नक्की.”

“अरे देवा!” आलिंग पुरिंग म्हणाली. “तीनशे वर्षं स्पॅनिशांना जमलं नाही ते!”

कॉन्सोर्सियाबाईंनी एकसष्ट मतपत्रिकांवर एकेक शिक्का मारला. रुफिनोनं खिडकीकडे बघून हात हलवला, डावा. बाहेर टाळ्या पडल्या.

निकालाचा तक्ता मी शाईनं भरला. रुफिनो आब्रिगो, २१४. पुरिफिकासियोन ओब्नामिया, १९८. बाद मतं, ६१, कारण, चित्र. एकूण, ४७३.